‘कोणीही चालवा, तेच उत्तर येणार’ म्हणणाऱ्यांसाठी

जीवशास्त्रातल्या मॉडेलिंगबद्दल, म्हणजे पेशीतल्या किंवा साथीच्या घडामोडी समीकरणांत मांडून संगणकावर चालवण्याबद्दल, एक विधान बरंच फिरतंय: ‘प्रयोगशाळेतले प्रयोग दुसऱ्याने केले की फसतात. संगणकावरचं मॉडेल म्हणजे शुद्ध गणित. समीकरणं शोधनिबंधात असतात, कोड खुला असतो. कोणीही चालवा, तेच उत्तर येणार.’

‘समीकरणं शोधनिबंधात असतात.’ पूर्ण नसतात. इंग्लंडमधल्या हिंक्स्टनच्या युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये ‘बायोमॉडेल्स’ हे मॉडेलांचं भांडार आहे. तिथल्या चमूने १५२ नियतकालिकांतली ४५५ मॉडेलं निबंधांवरून पुन्हा उभी करून पाहिली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. ४९ टक्के मॉडेलांचे निकाल छापील माहितीवरून आलेच नाहीत. चुका हुडकून, लेखकांना विचारून आणखी १२ टक्के जुळली. ३७ टक्के शेवटपर्यंत नाहीत. कारणं अगदी कारकुनी: एखादा वेगस्थिरांक (अभिक्रिया किती वेगाने होते ते सांगणारा आकडा) तक्त्यात नाही, सुरुवातीची संहती (पदार्थाचं प्रमाण) दिलेली नाही, अधिकच्या जागी उणे. चिन्ह उलटलं की वाढायचं ते प्रथिन घटू लागतं. आणि ही अवकल समीकरणांची (प्रत्येक गोष्ट किती वेगाने बदलते ते सांगणाऱ्या समीकरणांची) मॉडेलं होती, म्हणजे ज्याला शुद्ध गणित म्हणतात तेच!

‘कोड खुला असतो.’ असला तरी निबंधातली, समजा, आकृती तीन नेमक्या कोणत्या किमतींवर काढली, हे त्यातून कळेलच असं नाही. एसबीएमएल या प्रमाण स्वरूपात मॉडेल लिहिता येतं. पण ते किती वेळ चालवलं, कोणती किंमत बदलली, कोणता आलेख काढला, हे नोंदवायला सेड-एमएल हे वेगळं स्वरूप करावं लागलं. निबंधासोबत ही दुसरी फाइल मागितलीच पाहिजे, असं माझं मत आहे.

‘तेच उत्तर येणार.’ लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या, कोविडची साथ कशी पसरेल ते सांगणाऱ्या मॉडेलवर २०२० मध्ये नेमका उलटा आरोप झाला: दर वेळी आकडा बदलतो, म्हणून ते टाकाऊ. दोन्ही बाजूंची गफलत एकच: दर फेरीला एकच आकडा यावा ही अपेक्षा. या मॉडेलात संसर्ग यदृच्छेने, फासे टाकल्यासारखा, पसरतो, त्यामुळे अनेक फेऱ्यांची सरासरी आणि फैलाव पाहायचा असतो. मात्र बीज-अंक (ज्यावरून संगणक हे ‘फासे’ टाकतो तो सुरुवातीचा आकडा) तोच ठेवूनही काही वेळा उत्तर बदलत होतं. तो कोडमधला खरा दोष होता, ती टीका रास्तच. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातले संशोधक स्टीफन एग्लेन यांनी, इंपीरियलने स्वच्छ करून खुला केलेला कोड स्वतः चालवला. इंपीरियलच्या मार्चमधल्या गाजलेल्या अहवालातले तक्ते किरकोळ फरकाने जुळले, आणि तसं प्रमाणपत्र त्यांनी दिलं. मॉडेलचं भाकीत बरोबर होतं की नाही, हा प्रश्न त्या तपासणीत नव्हताच.