‘गोल निटिंग मशीनमध्ये बदलला तो फक्त डिस्प्ले’: एका दाव्याचा प्रतिवाद

होजिअरीच्या धंद्यातील माणसांमध्ये, विशेषतः जुन्या यंत्रांच्या खरेदी-विक्रीचे बोलणे चालू असताना, एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र केले, पुढे कोणीतरी ते वाकवून गोल केले आणि त्यानंतर गोल निटिंग मशीनच्या लोखंडात सांगण्यासारखे काहीच बदलले नाही, वेग वाढला तो मोटर मोठी झाल्याने, उत्पादन वाढले ते फीडर (सुयांना सूत पुरवणारी ठिकाणे) जास्त लावल्याने, कापडाची प्रत सुधारली ती सेन्सर आणि संगणकामुळे, म्हणून तीस वर्षांच्या जुन्या यंत्राला इन्व्हर्टर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) आणि नवा डिस्प्ले बसवला की ते नव्याच्या तोडीचे होते. या मजकुरात खऱ्याचा थोडा अंश आहे आणि त्या अंशाच्या बळावरच बाकीचे खपून जाते. त्यातील विधाने एकेक घेऊन तपासणे म्हणूनच आवश्यक वाटते.

इचलकरंजी किंवा भिवंडीच्या वाचकाला माग परिचित असतो; तेथे ताणा आणि बाणा असे दोन स्वतंत्र धागे एकमेकांना छेदतात. निटिंगमध्ये मात्र सूत स्वतःच्याच आधीच्या फासातून नवा फास ओढत पुढे जाते. टी-शर्टचे साधे कापड, म्हणजे सिंगल जर्सी, तिरुपूर किंवा लुधियानात ज्या यंत्रावर निघते, त्यात एक उभे सिलिंडर फिरत असते, त्याच्या बाहेरील खाचांत सुया उभ्या बसवलेल्या असतात आणि भोवतालच्या स्थिर कॅममुळे, म्हणजे चढ-उताराची वाट कोरलेल्या तुकड्यांमुळे, त्या क्रमाक्रमाने वर-खाली होतात. पुढील विवेचन मुख्यतः या साध्या यंत्राबद्दल आहे.

पहिले विधान इतिहासाचे. लीच्या यंत्रातील सुया सपाट रांगेत होत्या आणि त्यांच्या टोकाला मागे वळवलेली लवचिक दाढी होती. फास सोडवताना ती दाढी मिटवण्यासाठी सर्व सुयांवर बाहेरून एक पट्टी दाबावी लागे. मार्क ब्रुनेल याने १८१६ मध्ये गोल यंत्राचे पेटंट घेतले, तेही दाढीच्या सुयांचेच होते, म्हणजे ‘वाकवून गोल केले’ हे वर्णन फार तर या टप्प्याला लागू पडेल. खरा फाटा फुटला तो १८४७ मध्ये, लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंड याच्या लॅच सुईच्या पेटंटने. या सुईच्या टोकाच्या आकड्यावर (हुकावर) एक छोटी जीभ उघडझाप करते आणि ती मिटवण्याचे काम जुना फासच करतो. बाहेरून दाबण्याची गरज संपल्यामुळे प्रत्येक सुई स्वतंत्रपणे हलवणे शक्य झाले. तिच्या दांड्यावरील खुंट, ज्याला कारखान्यात बट म्हणतात, तो कॅमच्या वाटेवरून नेला की पूर्ण टाका तयार होतो. आजचे गोल यंत्र लीचे नव्हे, टाउनसेंडचे वंशज आहे. लॅच सुईचे हे तत्त्व आजही तेच आहे, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. परंतु तत्त्व तेच असणे आणि यंत्र तेच असणे यांत फरक आहे. नाहीतर सायकल आणि मोटारगाडी यांतही चाक तेच म्हणून विषय मिटवता येईल.

दुसरे विधान वेगाचे, आणि माझ्या मते सर्वांत चुकीचे. मोटर मोठी केल्याने यंत्र अधिक वेगाने फिरू शकते, पण विणू शकत नाही. ३० इंच व्यासाचे सिलिंडर मिनिटाला ३० फेरे घेत असेल, तर त्याचा परीघ सेकंदाला जवळजवळ १.२ मीटर या वेगाने सरकतो. कॅमचा उतार ४५ अंशांचा असेल तर, आतापर्यंत उभ्या दिशेने स्थिर असलेल्या सुईला कॅमवर आदळल्याबरोबर तितक्याच वेगाने, म्हणजे १.२ मीटरने, खाली किंवा वर निघावे लागते. हे निघणे सावकाश होत नाही; तो एक ठोसा असतो. तोच ठोसा दांड्यातून वर चढत आकड्यापर्यंत पोचतो, आणि म्हणूनच अतिवेगाने चालवलेल्या यंत्रात बट शाबूत राहून आकडे किंवा जिभा तुटलेल्या सापडतात. फेरे ३० वरून ४५ केले तर वेग दीडपट होतो, पण आघाताची ऊर्जा सव्वादोनपट होते. मोटरला याची काही झळ लागत नाही. सगळा मार सुईला बसतो.

मग उतार सौम्य का करत नाहीत, असा प्रश्न सहज सुचतो, आणि येथेच या यंत्राच्या रचनेतील सर्वांत मोठा पेच आहे. उतार सौम्य केला की एकाच वेळी सूत ओढत खाली उतरणाऱ्या सुयांची संख्या वाढते. सूत प्रत्येक सुई आणि सिंकर (सुयांच्या मधली, फास धरून ठेवणारी पातळ पत्री) यांच्याभोवती वळसा घेत पुढे जाते आणि प्रत्येक वळशागणिक घर्षणाने त्याचा ताण बेरजेने नव्हे, गुणाकाराने चढतो. ताण पुरेसा चढला की खाली उतरणारी सुई सुताच्या कोनाकडून (सूत गुंडाळलेल्या शंकूकडून) सूत ओढण्याऐवजी, नुकत्याच तळ गाठून वर निघालेल्या शेजारच्या सुईच्या टाक्यातूनच ते उसने घेऊ लागते. नॅप्टन आणि मंडन या संशोधकांनी १९६६ मध्ये ही क्रिया सविस्तर मांडली, आणि कॅमच्या खोलीवरून टाक्याची लांबी थेट ठरते ही सरधोपट समजूत त्यामुळे मागे पडली. थोडक्यात, तीव्र उतार सुई मोडतो आणि सौम्य उतार सूत ताणतो. गेल्या साठ वर्षांतील यांत्रिक सुधारणांचा मोठा भाग या कात्रीतून वाट काढण्यात गेला आहे.

त्या वाटा अनेक आहेत. सरळ रेषेच्या कॅमऐवजी सुरुवातीला सौम्य, मध्ये तीव्र आणि शेवटी पुन्हा सौम्य असा वक्र उतार आला. बटाला एकाच बाजूने ढकलणाऱ्या उघड्या कॅमऐवजी त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेणारी बंद वाट आली, म्हणजे उसळलेली सुई भलतीकडे जाऊ नये. सुईच्या दांड्याला नागमोडी वळणे देण्यात आली, जेणेकरून खालचा धक्का वरच्या आकड्यापर्यंत पोचण्याआधी त्या वळणांत जिरावा. दांड्याची जाडी काही भागांत कमी करून खाचेतील घर्षण घटवण्यात आले. आणि सर्वांत धाडसी उपाय, माझ्या दृष्टीने, सिंकरचा. नेहमीच्या यंत्रात सिंकर फक्त आत-बाहेर सरकतो आणि उभी धाव पूर्णपणे सुईलाच घ्यावी लागते. जर्मनीतील आल्बश्टाटच्या मायर या कंपनीने १९८० च्या दशकात रेलानिट या यंत्रात सिंकरलाही सुईच्या उलट दिशेने वर-खाली हलवले. सुई थोडी खाली जाते, त्याच वेळी सिंकर थोडा वर येतो. दोघांची धाव कमी, दोघांचे उतार सौम्य, पण परस्परांच्या तुलनेत हालचाल तीव्रच राहते. म्हणजे सुईला ठोसा कमी बसतो आणि एकाच वेळी सूत ओढणाऱ्या सुयाही थोड्या राहतात. ज्या कात्रीबद्दल वर लिहिले, तिची दोन्ही पाती एकाच युक्तीने बोथट झाली. यात संगणकाचा संबंध नाही.

याच मुद्द्याला जोडून उष्णतेचा उल्लेख करावा लागतो, कारण तिची आठवण त्या मजकुराला अजिबात राहिलेली नाही. दोन हजारांहून अधिक सुया खाचांत घासत असताना सिलिंडर तापते. ३० इंची पोलादी सिलिंडरचे तापमान २० अंशांनी वाढले, तर त्याचा व्यास सुमारे ०.१८ मिलिमीटरने वाढतो. ज्या रिब आणि इंटरलॉक या दुहेरी कापडाच्या यंत्रांत सिलिंडर आणि वरची डायल (सुयांची दुसरी, आडवी चकती) यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या दशांशांत लावलेले असते, तेथे ही वाढ दुर्लक्षिण्यासारखी नाही. सकाळी बसवलेले जीएसएम (कापडाचे दर चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन) दुपारी हलते त्यामागे हे एक कारण असते. ठरावीक ठिकाणी मोजून तेल टाकणारे दाबाचे ऑइलर आणि कमी घर्षणाच्या सुया या वेगाच्या मागणीतूनच जन्मल्या आहेत.

तिसरे विधान फीडरचे: जागा होती, लावले. जागा नव्हती. ३० इंच व्यासाचा परीघ २,३९४ मिलिमीटर भरतो. त्यावर ९० फीडर बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २६.६ मिलिमीटर येतात. एवढ्या रुंदीत सुईने वर चढायचे, जुना फास जिभेखाली उतरवायचा, नवे सूत पकडायचे आणि खाली येऊन टाका सोडायचा असतो. ३० फेऱ्यांच्या वेगाने प्रत्येक सुई हे काम सेकंदाला ४५ वेळा करते. रुंदी घटली की उतार तीव्र होतो आणि आपण पुन्हा वरच्या कात्रीत सापडतो, म्हणून सुईची धाव कमी केल्याशिवाय आणि कॅमचे तुकडे अधिक अचूक घासल्याशिवाय फीडर वाढवणे शक्यच नव्हते. फीडरवाढीची किंमतही असते, आणि ती लपवू नये. एका फेऱ्यात ९० ओळी विणल्या गेल्या आणि कापडात इंचाला ४५ ओळी असतील, तर ओळ एका फेऱ्यात २ इंच चढते, म्हणजे कापड मुळातच किंचित तिरके निघते. सुताच्या पिळाने येणारा तिरकेपणा त्यात मिसळतो.

चौथे विधान असे की कापडाची प्रत सेन्सरने सुधारली. सेन्सर धागा तुटल्याचे किंवा सुई मोडल्याचे सांगतो आणि यंत्र थांबवतो. तो वाईट टाका चांगला करत नाही. प्रत ठरते टाक्याच्या लांबीवर. मंडन यांनी १९५९ मध्ये दाखवले की साध्या जर्सीच्या एका चौरसात किती टाके बसतात ते टाक्याच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. २.८ मिलिमीटरचा टाका २.९ झाला तर टाक्यांची घनता सुमारे ७ टक्के घटते आणि कापडाचे वजन साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १५० जीएसएमचे कापड १४५ भरते. आता ९० फीडरपैकी काही २.८ ने आणि काही २.९ ने विणत असतील तर कापडावर आडवे पट्टे दिसणारच. पूर्वी प्रत्येक सुई आपल्याला हवे तेवढे सूत ओढून घेत असे आणि कोनाचा आकार किंवा सुताचे मेण बदलले की लांबी बदलत असे. टेपवर चालणाऱ्या पॉझिटिव्ह फीडने हे संपवले. यंत्राभोवती फिरणारा एकच पट्टा सर्व फीडरची चाके फिरवतो आणि त्याचा वेग सिलिंडरच्या वेगाशी दातेरी चाकांनी व पुलीने बांधलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक फीडरला मोजून तेवढेच सूत मिळते. २४ गेजच्या (इंचाला २४ सुया) अशा ३० इंची सिलिंडरवर साधारण २,२६० सुया असतात; २.८ मिलिमीटरच्या टाक्याला एका फीडरचे एका फेऱ्याचे सूत ६.३३ मीटर. ही लांबी पुलीच्या व्यासाने ठरते. एक पट्टा आणि एक पुली, आणि टी-शर्टच्या कापडाला बाजारात जी एकसारखेपणाची हमी मिळाली ती बहुतांशी त्यांच्यामुळे.

लायक्रा मिसळलेल्या कापडाच्या मधोमध राहणारी घडीची रेघ घालवण्यासाठी कापडाची नळी यंत्राच्या आतच चिरून ते उघडे गुंडाळण्याची चौकट आली, तीही लोखंडाचीच आहे.

इलेक्ट्रॉनिक्सला मात्र त्याचे श्रेय दिले पाहिजे. जॅकार्डमध्ये, म्हणजे नक्षीच्या विणीत, कोणती सुई विणेल आणि कोणती नाही, हे एकेका सुईबाबत ठरवण्याचे काम संगणकाने ज्या सहजतेने केले, तसे पूर्वीच्या चकत्यांना आणि खुंट्यांच्या पिंपांना जमले नव्हते. पण तेथेही निवडकर्ता फक्त एक छोटा तुकडा किंचित हलवतो आणि सुईला वर उचलण्याचे काम कॅमच करतो. निर्णय विजेचा असला तरी बळ लोखंडाचेच लागते.

राहिले शेवटचे विधान: इन्व्हर्टर लावला की जुने यंत्र नवे. इन्व्हर्टरचा फायदा आहे. यंत्र हळू सुरू होते, धागा जोडताना थोडे-थोडे पुढे सरकवता येते, आणि सुरुवातीच्या झटक्याने तुटणाऱ्या सुया वाचतात. मध्यम वेगाने साधी जर्सी काढायची असेल, तर नीट सांभाळलेले जुने यंत्र घेण्यात काहीच कमीपणा नाही, आणि लहान कारखानदाराने तसे केले तर तो शहाणपणाच ठरेल. परंतु तोच इन्व्हर्टर जुन्या यंत्राला नव्याच्या वेगाने पळवण्यासाठी वापरला, तर तीस वर्षांपूर्वीच्या कॅमवर आजचा ठोसा बसतो. नव्या सुया घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण सिलिंडरच्या खाचेच्या भिंती झिजून सैल झाल्या असतील तर नवी सुईही त्यात डुलते, आणि डुलणारी सुई कापडावर उभी रेघ सोडते. कॅमच्या वाटेत पडलेले वण, मुख्य बेअरिंगमधील खेळ, सिलिंडरचा गोलपणा यांतील एकही गोष्ट डिस्प्लेवर दिसत नाही. त्यासाठी दहा-बारा ठिकाणच्या सुया काढून खाच बोटाने चाचपावी लागते, आणि डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) लावून सिलिंडर हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे लागते. विकणारा हा फेरा फिरवू देत नसेल, तर व्यवहाराचे बोलणे तेथेच थांबवावे.