‘सगळं बंद, स्मारकावरचं घड्याळही तासभर मागे’ : एक ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार काका,

इटलीच्या सहलीबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. तुम्हाला त्रास झाला याबद्दल मनापासून माफी मागते. चढणीबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे. आमच्या पत्रकात ‘डोंगरावरच्या जुन्या गावात निवांत फेरफटका’ एवढंच छापलंय. चढ किती, गल्ल्या दगडी आहेत, गुडघे दुखत असतील तर काय करायचं, याबद्दल एक अक्षर नाही. ती चूक आमची.

बाकीच्याबद्दल मात्र चार ओळी लिहू द्या. नवीन माणूस आमचं नाव शोधतो तेव्हा सगळ्यात वर तुमचाच अभिप्राय दिसतो. सप्टेंबरच्या सहलीसाठी चौकशी करणाऱ्या तिघांनी या आठवड्यात फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला, “त्या बंद गावात नेणार का?” आमचं ऑफिस म्हणजे पनवेलमधला एक गाळा, मी आणि माझे मिस्टर. तिसरं कुणी नाही.

तुम्ही लिहिलंय की फ्लॉरेन्सहून असिसीला जाताना अख्खा दिवस मोन्तोने नावाच्या, कुणी न ऐकलेल्या गावात फुकट गेला, तिथे चिटपाखरू नव्हतं, सगळं बंद होतं, तुम्हाला उपाशी ठेवलं, आयोजकांना वेळेचं भान नाही, आणि ज्यासाठी नेलं त्या स्मारकावरचं (नाईक यशवंत घाडग्यांच्या) घड्याळसुद्धा तासभर मागे होतं.

वेळेचं भान नाही, हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मला हे चारचौघांत लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते. त्या दिवशी निघायची वेळ साडेआठची होती. आठ वाजून दहा मिनिटांनी तुम्ही मला म्हणालात, “कालची चामड्याची बॅग बदलून दहा मिनिटांत येतो.” बाजार नीट उघडलाही नव्हता. तुम्ही परत आलात तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. फोन तुम्ही खोलीतच चार्जिंगला ठेवला होता. फ्लॉरेन्समध्ये मोठ्या बसला माणसं चढवण्यापुरतंच थांबू देतात, म्हणून ड्रायव्हर गाडी घेऊन बाहेर गेला. तो परत येऊन आपण निघेपर्यंत पावणेअकरा झाले. बाकीचे तेरा जण सामानासह फुटपाथवर उभे होते, त्यात एक आजी ७४ वर्षांच्या. कुणी तुम्हाला शब्दाने बोललं नाही, मीही नाही. उलट मी म्हणाले, “असू दे काका, होतं असं.” ते म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

हिशोब पूर्णच देते, म्हणजे कुणी म्हणायला नको की अर्धवट सांगितला. हायवेवरच्या थांब्याला पंधरा मिनिटं ठरली होती, पस्तीस लागली. त्यातली वीस माझी, कारण मी सगळ्यांना कॉफी घ्या म्हणाले. रस्ता सव्वादोन तासांचा. गाडी मोन्तोनेच्या पायथ्याशी लागली एक पस्तीसला, आणि हळूहळू चढत वर चौकात पोहोचेपर्यंत दोन वाजले. जेवणाचं टेबल साडेबाराचं सांगितलेलं होतं. वाटेत मी तिथे दोनदा फोन केला, त्यांनी दीडपर्यंत थांबायचं कबूल केलं आणि थांबलेही. त्यानंतर त्यांनी चूल विझवली. इटलीतल्या लहान गावात दुपारचं स्वयंपाकघर एकदा बंद झालं की संध्याकाळी साडेसातच्या आत सहसा उघडत नाही. दुकानंही दुपारी मिटतात. तुम्ही स्वतः पुण्याचे, एक ते चार म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगणार! ठरल्याप्रमाणे अकरा-साडेअकराला पोहोचलो असतो तर हेच गाव तुम्हाला उघडं, माणसांनी भरलेलं दिसलं असतं.

आणि उपाशी? जिथे टेबल सांगितलं होतं तिथल्या बाईंनी जाताना आपल्यासाठी तोर्ता अल तेस्तो बांधून ठेवली होती. उम्ब्रियाची, म्हणजे त्या प्रांताची ती जाड पोळी, गरम तव्यावर भाजलेली, आत परतलेली पालेभाजी आणि चीज. भिंतीच्या सावलीत बसून तुम्ही दोन खाल्ल्यात आणि “ही तर आपली भाकरी” असं म्हणालात, ते ऐकून मला बरं वाटलं होतं. अभिप्रायात तिचा उल्लेख नाही.

सेंट फ्रान्सिसच्या जुन्या चर्चमधलं संग्रहालय उघडेपर्यंत का थांबलो नाही, असंही तुम्ही विचारलंय. तुम्हालाच असिसीचं मोठं चर्च संध्याकाळी बंद व्हायच्या आत बघायचं होतं म्हणून. शिवाय युरोपात बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि रात्री साधारणपणे सलग ११ तास विश्रांती घ्यावी लागते. गाडीतलं यंत्र सगळं नोंदवत असतं. सकाळी तो फ्लॉरेन्समध्ये आपल्यासाठी अडकून पडला, तो वेळही त्याच्या दिवसाच्या कामात धरला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला निघायचं होतं. तिथे “चल रे बाबा, अजून अर्धा तास” चालत नाही. उभ्या गाडीत एसी बंद का, हेही तुम्ही विचारलंय. एसीसाठी इंजिन चालू ठेवून गाडी उभी करायला तिथे कायद्याने बंदी आहे, दंड दोनशे युरोंच्या वर.

आता घड्याळ. काका, ते बंद पडलेलं किंवा मागे राहिलेलं घड्याळ नाही, ते सूर्यघड्याळ आहे. त्याला सेल नसतो, ते सूर्य जिथे असेल तीच वेळ दाखवतं. उन्हाळ्यात इटलीसह बहुतेक युरोपात मनगटी घड्याळं एक तास पुढे करतात, सूर्य काही पुढे सरकत नाही. त्यात इटलीची वेळ ठरते १५ अंश रेखांशावरून आणि मोन्तोने त्याच्या पश्चिमेला, म्हणून आणखी काही मिनिटांचा फरक. आपल्याकडेही तेच. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, त्यामुळे माझ्या माणगावात असं घड्याळ मांडलं तर तेही मोबाइलपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त मागे दिसेल. हे मी स्मारकापाशी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा गाडीत होतात.

‘कुणी न ऐकलेलं गाव’ हे मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून थोडं जास्त लिहिते. इतिहास वाचणाऱ्यांना हे गाव पंधराव्या शतकातल्या ब्राच्चो दा मोन्तोनेमुळे ठाऊक असतं. तो भाडोत्री फौजेचा सेनापती, पुढे जवळच्या पेरुजिया शहराचा धनी झाला आणि १४२४ मध्ये मेला. पण आम्ही त्याच्यासाठी जात नाही.

नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीचे कमांडर म्हणजे ते स्वतः, ते सोडून सगळे ठार किंवा जखमी. ते एकटे धावत गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. त्यांची समाधी कुठे नाही, इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव कोरलंय. माणगावात त्यांचा पुतळा आहे. शाळेत असताना आम्ही त्याच्यासमोरून रोज जायचो आणि कधी वर बघायचो नाही.

इटलीतल्या लढाईत ५,७८२ भारतीय सैनिक गेले. २०२३ च्या जुलैमध्ये मोन्तोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासकारांनी मिळून घाडग्यांच्या नावाचं हे सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ ‘आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो’. परक्या देशातल्या एका डोंगरावरच्या गावाने माझ्या तालुक्यातल्या पोराची आठवण जपली आहे. ते दाखवायला मी माझ्या माणसांना नेते. पिसाचा मनोरा दाखवणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत, आणि त्याच गाडीत ‘फॅक्टरी आउटलेटला तीन तास’ देणाऱ्याही. तुम्हाला ते हवं होतं तर बुकिंगच्या वेळी सांगायला हवं होतं. पत्रकात तिसऱ्या दिवशी मोन्तोने ठळक अक्षरात आहे.

आपल्या गटातले निवृत्त सुभेदार तिथे ताठ उभे राहिले तेव्हा सगळे गप्प झाले होते. तुम्ही असता तर आवडलं असतं, असं मला अजूनही वाटतं. रागाने लिहीत नाहीये.

पैसे परत मागितलेत. तो दिवस झाला, गाडी धावली, जेवणाच्या टेबलाचे पैसे न जेवताही आम्ही भरले. तरीही तुमच्या जेवणापुरती रक्कम परत करते. पूर्ण दिवसाची नाही जमणार.

पुढच्या वेळेपासून पत्रकात चढणीबद्दल लिहू. निघायच्या वेळेबाबतही काहीतरी नियम करतोय, मिस्टरांशी बोलणं चाललंय. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना वरपर्यंत न्यायला लहान गाडी मिळते का तेही बघू.

तुम्ही एक तारा काढून दोन केलेत तरी चालेल, नाही केलेत तरी माझी काही जबरदस्ती नाही. फक्त ते ‘उपाशी ठेवलं’ तेवढं काढा.

आणि हो, तुमची चष्म्याची तपकिरी डबी शेवटच्या सीटखाली सापडली. चष्मा आत आहे, धड आहे. गुरुवारी कुरियर करते, घरी कुणीतरी असू द्या.