कोणती गोळी भारी?

दसऱ्याच्या आधी, ऐन सोयाबीन काढणीत, परभणी जिल्ह्यातल्या सेलूहून भावाचा फोन आला. "दाढ लई ठणकायलीय रे. गाल सुजलाय. तिकडं कोणती गोळी देतात, भारी?" मी ब्रिटनमध्ये लीड्सला राहतो, म्हणजे माझ्याकडं भारी गोळी असणारच, हा घरचा जुना समज.

मी तोंड उघडायच्या आत घरच्या ग्रुपवर दवाखाना उघडला होता. वहिनीचा भाऊ म्हणाला, साधी अमॉक्सिसिलिन आता कुणाला लागू पडत नाही, ६२५ ची घ्या. मावशीचा भरवसा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलवर. तीच गोळी तिनं उन्हाळ्यात जुलाबाला घेतली होती. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, अझिथ्रोमायसिन, तीन दिवस, विषय संपला. सगळी प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक. दाढ कुणी बघितली का, हे कुणीच विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

गंमत अशी, की ग्रुपनं निवृत्त केलेली ती साधी अमॉक्सिसिलिनच इकडं पहिली दिली जाते. ब्रिटनमध्ये दातासाठी प्रतिजैविक द्यायचीच वेळ आली तर ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा, नाहीतर तिच्याच जातीची पेनिसिलिन-व्ही चार वेळा. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या शिफारशीतही तीच आधी, ३ ते ७ दिवस. ६२५ म्हणजे तरी काय? ५०० तीच अमॉक्सिसिलिन आणि वर १२५ क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. काही जंतू पेनिसिलिनचा तुकडा पाडणारं एक द्रव्य सोडतात, त्याला हे आम्ल अडवतं. ते जंतू नसतील तर वरचे १२५ पोट बिघडवायलाच. मेट्रोनिडाझोल नावाची आणखी एक गोळी हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर चालते, पण रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर जपून. अझिथ्रोमायसिन पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी राखलेली. क्लिंडामायसिनचं नाव ग्रुपवर कुणी काढलं नाही ते बरंच झालं. तिच्यामुळं आतड्याचा वाईट संसर्ग होऊ शकतो.

पण ही सगळी तुलना दुसऱ्या नंबरची. औषध रक्तातून जातं. दाढेतली नस मेली की तिथं रक्तच पोचत नाही, गोळी कितीही भारी असो. पू बाहेर काढायचा, दाढ आतून साफ करायची नाहीतर उपटायची, हाच इलाज. २०१८ साली उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेनं या प्रश्नावरचे पुरावे चाळले, तर निकषात बसणाऱ्या चाचण्या सापडल्या दोन, रुग्ण मिळून ६२. दाताचा इलाज झाल्यावर वरून पेनिसिलिन-व्ही दिल्यानं दुखणं किंवा सूज कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. एवढ्याशा पुराव्यावर छातीठोक काही बोलता येत नाही, पण जगभर पट्ट्याच्या पट्ट्या खपतात त्याही कोणत्या पुराव्यावर? ताप असेल, सूज पसरत असेल तर गोळी लागतेच. जबड्याखाली सूज उतरली, गिळता येईना, श्वास लागला, तर मात्र त्याच रात्री मोठं हॉस्पिटल.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात माझीच दाढ फुगली. तातडीची वेळ मिळवायला सकाळभर फोन लावले. डॉक्टरीणबाईंनी दाढेला भोक पाडलं, पू काढला, पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेन घ्या म्हणाल्या आणि निरोप दिला. प्रतिजैविक नाही. मी चिडून बाहेर पडलो. २७.४० पाउंड भरून माणूस गोळीशिवाय घरी? सेलूत कुणी असं केलं असतं तर मी त्याला डॉक्टरच म्हटलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाल उतरला.

म्हणून इकडं सगळं सोन्यासारखं, असं कुणी समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एक दातांचा दवाखाना एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, नवे पेशंट घेणार म्हटल्यावर रस्त्यावर शेकड्यांनी रांग लागली, पोलीस आले. माझ्या ऑफिसातल्या एकाला दंतवैद्य मिळाला नाही, त्यानं तीन महिन्यांत दोनदा प्रतिजैविकांवर दिवस काढले. त्याच्यात आणि माझ्या भावात फरक एवढाच, की त्याच्याकडं डॉक्टरची चिठ्ठी होती.

आपल्याकडं वाद चिठ्ठीवरच अडतो. एक बाजू म्हणते, चिठ्ठीशिवाय देणाऱ्या मेडिकलवर कारवाई करा. चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून पट्टीवर लाल रेघ छापलेली आहे ती काय शोभेला? दुसरी म्हणते, मग गरिबानं जायचं कुठं? मी वर्षभरापूर्वी पहिल्या बाजूनं भांडलो असतो, लीड्सहून भांडायला काय जातं. आज मला दुसरी बाजू जास्त खरी वाटते, पण अर्धीच. भावाचा हिशोब बघा. पट्टी शे-दोनशेत येते. रूट कॅनॉलला काही हजार, शिवाय दोन-तीन चकरा. सरकारी दंत महाविद्यालय संभाजीनगरला. रेल्वेनं जा, रांगेत थांबा, दिवस गेला. काढणीला मजूर मिळत नसताना तो दिवस कुठून आणायचा? गोळी त्याला बरं करत नाही, काढणी होईपर्यंत दम देते, आणि हे त्यालाही कळतं. मेडिकलवाल्याला दम भरण्याआधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बाजारच्या दिवशी दातांची खुर्ची चालू आहे का, हे बघा. ती रिकामी असेल तर लाल रेघ आणखी जाड करून काय होणार?

भावानं शेवटी दिवाळीनंतर परभणीला जाऊन दाढ काढून घेतली. रात्री फोन केला, तोंडात कापूस, शब्द कळेनात. मागून आईचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला, "त्या राहिलेल्या सहा गोळ्या मी डब्यात ठिवल्यात, फेकायच्या न्हाईत."