मुलाचा प्रश्न आणि आपले ‘श्श’

माझी मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही एका दवाखान्यात आमचा क्रमांक येण्याची वाट पाहत बसलो होतो. समोरच्या बाकावरील गृहस्थांचा एक पाय कृत्रिम होता आणि पँट जरा वर सरकल्यामुळे बुटाच्या वरची धातूची नळी दिसत होती. "बाबा, यांचा पाय लोखंडाचा का आहे?" हा प्रश्न तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारला. मी तिचा दंड दाबला, "श्श, असं बोलू नये," असे पुटपुटलो आणि त्या गृहस्थांकडे पाहून ओशाळे हसलो. उत्तर देण्यासाठी ते किंचित पुढे झुकले होते. माझा चेहरा पाहून पुन्हा मागे टेकले. त्यानंतर आत बोलावणे येईपर्यंत मुलगी त्यांच्याकडे बघितल्यासारखे करून नजर वळवत राहिली. ही नजर वळवण्याची रीत तिला मी शिकवली होती, आणि तीही शिष्टाचार म्हणून.

तीन-चार वर्षांच्या मुलांना कुबड्या, व्हीलचेअर, नसलेला हात हे सारे दिसू लागते. बौद्धिक अपंगत्वासारखी सहज न दिसणारी गोष्ट पुष्कळ उशिरा लक्षात येते. दिसणे आणि तुच्छ लेखणे यांत बरेच अंतर आहे, आणि मुलाच्या प्रश्नात बहुतेक वेळा निव्वळ कुतूहल असते. प्रश्न दाबला गेला, की मूल स्वतःच उत्तर जुळवते. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना एक गोष्ट सांगितली होती: चोरी करून पळणारा मुलगा कुजलेल्या पुलावरून जातो, पूल मोडतो आणि तो पाण्यात पडतो, त्याने चोरी केली नसती तर पूल मोडला असता का? सहाएक वर्षांच्या बहुतेक मुलांनी ‘नसता मोडला’ असे उत्तर दिले. ज्या वयात वाईट घडणे म्हणजे शिक्षाच, असा हिशेब मनात पक्का असतो, त्या वयात "त्यांनी काय केलं होतं?" आणि "मलाही असं होईल का?" या शंका येणे अगदी स्वाभाविक आहे. ‘अपघातात किंवा आजारात पाय जाऊ शकतो, हा पाय चालण्यासाठी बनवलेला आहे, आणि हे कोणाकडून कोणाला लागत नाही,’ एवढ्या साध्या वाक्याने त्या दूर होतात. मी ते वाक्य उच्चारले नाही. (रागावलो की "बहिरा आहेस का?" आणि "डोळे फुटलेत का?" मात्र आपण न अडखळता म्हणतो, आणि मुले तेही ऐकत असतात.)

मोठ्यांना या अवघडलेपणातून सुटण्याचा सोपा मार्ग वाटतो तो दयेचा. ‘बिचारा’ हा शब्द मुलाच्या तोंडी आला की आपल्याला संस्कार झाल्याचे समाधान मिळते. पण ज्याला बिचारा म्हटले त्याच्याशी भांडता येत नाही, त्याच्यावर रुसता येत नाही आणि म्हणून मैत्रीही होत नाही. शाळांमध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावण्याचा उपक्रमही मला याच कारणाने खटकतो. मानसशास्त्रज्ञ एरिएल सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांच्या 2015 मधील अभ्यासात असा अनुभव घेतलेल्यांनी अंध व्यक्तींची कामे करण्याची क्षमता उलट कमी लेखली. कारण उघड आहे: दहा मिनिटांच्या पट्टीत पहिल्या क्षणाची भांबावलेली अवस्था तेवढी कळते, वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले कसब कळत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये पूर्वग्रहांविषयी मांडले होते, की ते दूर व्हायला नुसती गाठभेट पुरत नाही. दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, हेतू एक हवा, तो गाठायला परस्परांची गरज लागावी आणि वडीलधाऱ्यांचा किंवा संस्थेचा त्याला पाठिंबा हवा. हे लक्षात घेतले, तर व्हीलचेअरवरील मुलाला वर्गात घेऊन खेळाच्या तासाला कायम गुण मोजायला बसवणे हे समावेशक शिक्षण का ठरत नाही, ते कळते. इतर मुले त्या वर्षभरात एवढेच शिकतात, की हा आपल्यात आहे पण आपल्यातला नाही. 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचे आठवे कलम अगदी लहान वयापासून मुलांमध्ये या हक्कांविषयी आदराची वृत्ती जोपासण्यास सांगते. ती वृत्ती भाषणांपेक्षा अशा खेळाच्या तासांनाच अधिक घडते किंवा बिघडते, असे माझे मत आहे.

मुलगी आता दहा वर्षांची आहे. तिच्या वर्गात व्हीलचेअर वापरणारा एक मुलगा आहे आणि दोघे बुद्धिबळाच्या एकाच संघात आहेत. परवा ती धुमसतच घरी आली. तो एकदा केलेली चाल परत घेतो, हरायला लागला की पटावरचे मोहरे हलवतो आणि वर तिलाच खोटारडी म्हणतो, असे ती अर्धा तास सांगत होती. त्या अर्ध्या तासात व्हीलचेअरचा उल्लेख एकदाच आला: रागाच्या भरात तो इतक्या वेगाने निघून गेला, की तिला त्याला गाठताच आले नाही.