आजी दुकानात कामाला होती

सकाळपासून डोकं सणकलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, कंटाळा असेल त्यांनी सरळ पुढे सरका.

पुढच्या आठवड्यात आजीचं प्रथम पुण्यस्मरण. पेपरात द्यायचा मजकूर दादाने (चुलतभाऊ) आज फॅमिली ग्रुपवर टाकला. 'गृहकृत्यदक्ष, प्रेमळ, धार्मिक वृत्तीच्या आदर्श गृहिणी.' खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मी विचारलं, अरे आणि दुकान? तर म्हणतो, "ते कशाला आता."

ते कशाला आता!! ४२ वर्षं किराणा दुकानात उभी होती ती बाई. तुझ्या बापाची इंजिनिअरिंगची फी कुठनं आली, आदर्श वृत्तीतनं?

पुण्यातल्या जुन्या लोकांना सांगायला नको, १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. नारायण पेठेतलं आमचं बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसकट गेलं, आजोबा ज्या छापखान्यात होते तो चिखलात गेला. तीन पोरं घेऊन ही मंडळी पूरग्रस्त म्हणून गोखलेनगरला. आजी तेव्हा २८ वर्षांची, चौथी पास. सदाशिव पेठेतल्या एका शेठच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलेलं, जे धान्य वाचलं ते पावसाची उघडीप बघून वाळवायला-निवडायला बायका हव्या होत्या. आठ दिवसांचं काम म्हणून गेली ती २००३ ला बाहेर पडली.

निवडण-पाखडणीवरनं पुडे बांधण्यावर आणि तिथनं काट्यावर. किलो-ग्रॅम तेव्हा नवीन होते, गिऱ्हाईक आपलं शेरातच मागायचं, आणि शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, करा हिशोब. आजी करायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळं तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे माझ्या पोराला सांगितलं तर त्याला वाटलं मी काहीतरी शिवी दिली.

आणि पुडा! रद्दीचा कागद घ्यायचा, हाताला एक गिरकी की शंकू तयार, माल ओतला की वरच्या कडा चार बाजूंनी मोडायच्या, डोक्यावर टांगलेल्या रिळातनं दोरा खस्सकन खाली, दोन उभे वेढे, दोन आडवे, गाठ, आणि दोरा बोटाला गुंडाळून एक हिसका. कात्री नाही. तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर त्या दोऱ्याची खाच पडलेली होती, शेवटपर्यंत होती. गेल्या वर्षी दवाखान्यात तिच्या बोटाला ते ऑक्सिजनचं क्लिप लावलं ना, तेव्हा मी तीच खाच बघत बसले होते.

आता मी का एवढी चिडलेय ते सांगते, कारण ग्रुपवर नाही सांगितलं.

पाचवी-सहावीत असेन. माझी शाळा दुकानापासून पाच मिनिटांवर. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायचे, कारण वर्गात मी सांगितलेलं की आमची आजी घरी असते. एक दिवस मैत्रिणींना राजगिऱ्याचे लाडू खायची हुक्की आली आणि त्या नेमक्या त्याच दुकानात घुसल्या. काट्यामागे आजी. मी काय म्हटलं माहितीये? "मावशी, राजगिऱ्याचे लाडू द्या ना."

मावशी. स्वतःच्या आजीला.

तिने एक सेकंद बघितलं असेल माझ्याकडे. म्हणाली, "किती देऊ, बाळ?"

तर दादा, तुझं 'ते कशाला आता' मला चांगलंच ओळखीचं आहे. म्हणूनच राग येतोय.

आत्याचा लगेच फोन. म्हणे तिलाच आवडलं नसतं, ती कधी चारचौघांत बोलली का दुकानाबद्दल? नाही बोलली, मान्य. पण का नाही बोलली? घरात लग्नं जमवायची होती म्हणून नाही बोलली! आत्याला बघायला आले तेव्हा आजी 'देवळात गेलीये' असं सांगितलेलं, दिवाळीच्या आधीचा आठवडा होता आणि ती दुकानात रवा-मैदा-डालडा मोजत होती. आता बास ना. कोणाचं लग्न अडलंय आता?

बरं शेठ काही वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला बोला. दिवाळीला साडी द्यायचा, तेलाचा डबा द्यायचा, १९७२ च्या दुष्काळात सगळं पुणं रेशनचा लाल मिलो (बाहेरच्या देशातनं आलेली ज्वारी) खात होतं तेव्हा त्याने बाजूला काढलेले चार किलो तांदूळ आजी मरेपर्यंत विसरली नाही. पण ४२ वर्षांनी निघाली तेव्हा हातात काय, तर साडी आणि नारळ. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. ग्रॅच्युइटीच्या कायद्याला दुकानात दहा माणसं लागतात, पीएफच्या कायद्याला वीस, इथे पाच. म्हणजे दुकान लहान म्हणून गुडघे पण लहान दुखतात का?

आणि घर काय कमी केलं का? पहाटे साडेचारला उठून सगळ्यांचा स्वयंपाक, मग पीएमटीची बस. रात्री आठला परत, मग माझी वेणी, कारण आई नोकरीवरनं दमून यायची, आणि आजी काय दमत नव्हती म्हणे. तिच्या हाताला कायम जिऱ्याचा आणि गोणपाटाचा वास. मला तेव्हा तो वास नको व्हायचा, हेही लिहून टाकते आज. माझी बारावीच्या क्लासची फी तिने पोस्टातलं आरडी मोडून भरली. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पासबुक ती गेल्यावर ट्रंकेत सापडलं.

गृहिणी हा शब्द वाईट नाही. होतीच ती. पण नुसती तेवढीच होती असं छापणं म्हणजे तिला परत देवळात पाठवणं आहे.

दादा, ओळीचे पैसे वाढतात असं तुझं म्हणणं आहे ना, मी देते. लिही, 'सदाशिव पेठेतील किराणा दुकानात ४२ वर्षे नोकरी.' नोकरी लिही. काम नको, नोकरी.

त्या लाडवांचं अर्धंच सांगितलं. घाबरून मी पाचाची नोट टाकली आणि पुडा घेऊन पळाले. रात्री आजी आली, पाय धुतले, चहा घेतला, मला पुढ्यात घेऊन वेणी घालायला बसली. एक शब्द नाही. मी श्वास रोखून. वेणी झाल्यावर कमरेचा बटवा काढला आणि माझ्या तळहातावर नाणी मोजून ठेवली.

"दुपारी एक गिऱ्हाईक सुट्टे विसरून गेलं," म्हणाली. "इकडचंच वाटलं, म्हणून घेऊन आले."

ग्रुपवर मघापासून दादाचं टायपिंग, टायपिंग चाललंय. थांबा जरा, बघते काय म्हणतो.