सॉफ्टनर घेताय? टीडीएस मीटर आधी बाजूला ठेवा

मार्च उजाडला की आमच्या वाघोलीत सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच विषय असतो, पाणी. बोअर आटत जातात, टँकर सुरू होतात, नळांवर पांढरा थर चढतो, डोक्याला शॅम्पू लावला तरी फेस येत नाही. आणि नेमके तेव्हाच सॉफ्टनरवाले, म्हणजे जड पाणी मऊ करणारं मशीन विकणारे, दारात उभे राहतात. आपल्या पाण्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, मोजणारं मीटर बुडवतात, मोठा आकडा दाखवतात, घरातली बाई घाबरते आणि ऑर्डर जाते.

ही सरळ फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. त्यातलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखे बारीक मणी, कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. मीटरवरचा आकडा जवळजवळ तोच राहतो. मोजायचा असतो तो हार्डनेस, म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा. त्याचं थेंबांचं किट मिळतं. पाण्याच्या नमुन्यात आधी लालसर रंग येतो, मग एकेक थेंब टाकत हलवायचं. रंग निळा झाला की थांबायचं आणि थेंब मोजायचे. भारतीय मानकाप्रमाणे दर लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं.

समजा तुमचा आकडा 500 आला. चौघांचं घर, माणशी 135 लिटर, म्हणजे दिवसाला 540 लिटर पाणी आणि त्यात 270 ग्रॅम हार्डनेस. एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम धरतं, मग त्याला मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. म्हणजे 25 लिटर रेझिनचं मशीन साडेचार दिवस चालेल आणि महिन्याला मिठाची 25 किलोची एक गोणी लागेल. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, रेझिन किती लिटर? उत्तर मिळालं नाही तर पुढे बोलूच नका.

याच हिशेबाने शॉवरला लावायचे ते छोटे फिल्टर बघा. पाव लिटर रेझिन असलं तरी 500 च्या पाण्यात ते पंचवीस लिटरांतच संपतं. एका माणसाची आंघोळ, बस! आणि पाइपला बाहेरून चिकटवायच्या चुंबकांनी पाण्यातलं कॅल्शियम कुठेही जात नाही. त्यावर एक रुपयाही घालू नका, कळकळीने सांगते.

स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढून घ्या. 500 हार्डनेसचं पाणी पूर्ण सॉफ्ट केलं की लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. घरात बीपीचं माणूस असेल तर हे ध्यानात ठेवायलाच हवं. कुंड्यांनाही ते पाणी नको, सोडियमने माती बिघडते. बोअरच्या पाण्याला लोखंडाचा तांबूसपणा असेल तर आधी त्याचा फिल्टर लावा, नाहीतर महागडं रेझिन लवकर खराब होतं.

आसपासच्या कुणाला पाणी तपासायचं असेल तर किट माझ्याकडे आहे. बाटलीत पाणी घेऊन या, फक्त बोअरचं आणि टँकरचं वेगवेगळं आणा. दोन्हींचे आकडे फार वेगळे येऊ शकतात, आणि मशीन जास्तीच्या आकड्यावरूनच ठरवायचं असतं.