पंचम वर्ज्य

हिचे मामा मिरजेचे. मिरजेत तंबोरे होतात आणि जिथे तंबोरे होतात तिथल्या माणसाला गाणं कळतंच, असा मामांचा सिद्धान्त आहे. त्यात लहानपणी मीरासाहेबांच्या उरुसाला, थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं दर्ग्यात रात्र रात्र बसून ऐकलेलं. (बसून नव्हे, आडवं होऊन, असं मामी म्हणतात.) चार दिवसांसाठी ते आमच्याकडे पुण्याला आले आणि पहिल्याच रात्री जेवताना म्हणाले, "जावईबापू, घरात रेडिओ आहे ना?"

मी "नाही" म्हणायला हवं होतं. पण भात कालवता कालवता खरं बोलून गेलो.

रेडिओ वडिलांचा, माळ्यावरचा. 792 वर पुणे केंद्र लागतं, पण शेजारच्याने नुसता मोबाइल चार्जिंगला लावला तरी त्याला शिंका येतात. सकाळी साडेसहाला मामांनी घरातल्या ट्यूब घालवल्या, फ्रिज बंद केला, एरियल पूर्ण ओढून तिचं टोक माझ्या हातात दिलं. मीडियम वेव्हचं काम आतल्या फेराइटच्या कांडीवर चालतं, बाहेरच्या एरियलचा तिथे काही संबंध नसतो, हे मला ठाऊक आहे. पण टोक धरताना सेट जरासा तिरका झाला, कांडीची दिशा बदलली आणि आवाज खणखणीत आला.

"बघा! आता हलू नका."

झालं. एका हातात एरियल, दुसऱ्या हातात चहा, असा मी खिडकीत उभा. चहावर साय धरली तरी कप ठेवायची सोय नाही.

या खटपटीत निवेदन निघून गेलं होतं. मामांनी डोळे मिटले, दोन सेकंद मान हलवली आणि निकाल दिला, "ललित." मग त्यांनी मला ललित राग समजावून सांगितला. दोन्ही मध्यम, म्हणजे शुद्ध आणि तीव्र म, शेजारी शेजारी, आणि पंचम, म्हणजे प, औषधालासुद्धा सापडायचा नाही. "पंचम वर्ज्य! ती पोकळी ऐका." पोकळी ऐकू येण्यासाठी मामांनी थांबायला हवं होतं. ते थांबेनात. "ऐका, ऐका, काय जागा घेतली!" हे वाक्य संपेपर्यंत ती जागा गेलेली असायची आणि गवई भलतीकडेच असायचा.

शिवाय समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, दाद द्यायची होती. बारा मात्रांच्या विलंबित, म्हणजे संथ, एकतालात एकदा सम गेली की दुसरी येईपर्यंत माणूस दात घासून येईल. मी मनाशी एक खूण धरली. सम यायच्या आधी तबल्यावर 'धागे तिरकिट' वाजतं, मग दोन मात्रा, की सम. तिरकिट आलं, मी दोन मोजले आणि जोरात "क्या बात है!" म्हणालो. मामांनी डोळे उघडले. एकतालात तिरकिट दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या. मी पहिलं धरलं होतं. माझी दाद बरोबर सातव्या मात्रेवर, म्हणजे तालातल्या बिनजोराच्या 'खाली'वर पडली.

"चालायचंच," मामा म्हणाले. या 'चालायचंच'पेक्षा शिवी परवडते.

मग विषय पेटीवर गेला. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली ती 1971 पर्यंत काही उठली नाही. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, स्वरांमधल्या बारीक श्रुती लागत नाहीत, म्हणून. मामांचे वडील पेटी वाजवायचे. "अहो, वाद्यावर बंदी घालतात का कुठे?" मामांचा आवाज चढला. "ज्याला नको त्याने ऐकू नये. पण बंदी?"

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली.

मामांचा चेहरा पोटात कळ आल्यासारखा झाला. "पंचम!" ते म्हणाले. "ललितात पंचम!" नुसता आवाज झाला असता तर त्यांनी सोसलं असतं, पण शिट्टी नेमकी वर्ज्य स्वरावर लागली होती. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "बाळ, हा कुकर बंद."

"मामा, यांचा डबा व्हायचाय."

"गाणं संपेपर्यंत बंद."

"मग आमटीत डाळही वर्ज्य करू का?" ही म्हणाली, पण गॅस बंद केला. मामांसमोर तिचं चालत नाही. तिच्यासमोर माझं चालत नाही. म्हणून मी एरियल धरून उभा.

पुढे द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाली आणि मी घड्याळाकडे पाहू लागलो. बस चुकली होती, दुसरीही चुकायच्या बेतात. ताना रंगात आल्या आणि ऐन तानेत आवाज हळूहळू बारीक होत विरून गेला. बातम्यांची वेळ झाली होती. निवेदिका शांतपणे म्हणाली, "आपण राग भटियार ऐकत होता."

खोलीत शांतता. मामा रेडिओकडे पाहत होते, मी मामांकडे. भटियारातही दोन्ही मध्यम असतात, हे खरं. पण त्यात पंचम असतो. चांगला ठसठशीत असतो. मामांनी मध्ये तोंड मिटलं असतं तर तो आम्हालाही ऐकू आला असता.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय हो मामा, भटियारात पंचम चालतो ना?"

मामांनी घसा साफ केला. "चालतो म्हणजे काय! म्हणूनच मघाशी म्हटलं, शिट्टी अगदी सुरात लागली."

लायटर दोनदा खटखटला. मी एरियल सोडली. बातम्यांत खरखर सुरू झाली आणि हाताला मुंग्या. आत कुकरने एकामागून एक तीन पंचम लावले, तिसरा चांगला लांबवून. मामांनी डोळे मिटून मान हलवली.